खरोखरचा जपानी

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला जपानी इंजिनीयर येणार होता. वायरी जोडताना घोटाळा नको म्हणून आमचा मालवणी फोरमन जपानी रंग पाठ करू लागला. जेवताना भाताला ‘शिरो’ म्हणायचा, लाल मिरचीला ‘आका’. माझ्या काळ्या केसांना ‘कुरो’ म्हणून झाल्यावर मात्र स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचा.

इंजिनीयर दारात आला आणि घाबरलेल्या फोरमनच्या तोंडून हिंदी सुटली, “आओ, आओ साब!”

पाहुणा बावरून इकडेतिकडे बघू लागला. जपानीत ‘आओ’ म्हणजे निळा. एकदम त्याने आपला निळा टाय उचलून दाखवला. “हाय, आओ!” म्हणजे, हो, निळा!

फोरमन आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, “माणूस खरोच जपानी आसा रे. मी तपासून घेतलंय.”