मावशीचा स्टीलवरचा संशय

माझ्या मोठ्या मावशीने स्टीलवर घेतला तेवढा संशय अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणी कुणावर घेतला नसेल. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. तिला त्या नावातच खोट दिसायची. पदराच्या गाठीत ती लोहचुंबक बाळगायची. चिकटला, की भांडं परत. देवळीचा भांडेवाला समजावून थकला, "मावशी, चिकटते तेही स्टीलच हाय. इंडक्शनच्या शेगडीवर तेच चालते. अन् हलकं स्टील कदी कदी चिकटतच नाई."

"म्हणजे दोन्हीकडून फसवून राह्यले," ती म्हणाली, आणि तेव्हापासून न चिकटणारी भांडीही तिच्या नजरेतून उतरली. मीठ तर तिने स्टीलच्या डब्यात कधी ठेवलंच नाही, मिठाने त्याला ठिपके पडतात म्हणून. माझ्या बहिणीची सोयरीक ठरवायला पुलगावला गेलो, तेव्हा तिने पोह्यांच्या बशीला खालून चुंबक लावला.

"काऊन हो, काय पाहून राह्यल्या?" मुलाच्या आईने विचारलं.

"बशी. पोराले मंग पाहतो."

सोयरीक जुळली, पण लग्नाची पंगत त्या लोकांनी पत्रावळींवरच उठवली.

मग मावशी अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. वर्ध्याच्या तरुण डॉक्टरांनी स्टीलची पट्टी बसवायची म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. तशीच पडून राहिली असती, तर पुन्हा उठली नसती. डॉक्टरांनी नमुन्याची पट्टी हातात दिली. चुंबक चिकटला नाही.

"यानं काय होते? अंगात तं मीठ असते," ती म्हणाली.

"म्हणूनच हे वेगळं स्टील, आजी. मिठातही टिकावं असं बनवतात."

"तुमच्या मायले बसवली असती का?"

"तिलाही बसवलीच आहे."

"मंग बोलवा तिले."

डॉक्टरांची आई खरंच आली. मावशीने तिला वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, वळायला लावलं, खाली बसून उठायला लावलं. त्या बाईंनी सगळं हसतहसत केलं, मग मावशीच्या उशाशी बसून तिचा हात हातात घेतला. काय बोलल्या कोण जाणे. संध्याकाळी मावशी म्हणाली, "करा."

आता ती काठी टेकत अंगणापुरती चालते. कुणाच्या घरी जात नाही. भांडी आम्हीच आणतो, ती विचारतसुद्धा नाही. थंडीत सकाळच्या उन्हात बसते, मांडीवर तळवा ठेवून. दुखतं का विचारलं, तर म्हणते, "पट्टी गार पडते बिचारी. ऊन देऊन राह्यली तिले."