भिंतीवरची ज्येष्ठा

आमचे मामा कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा उपयोग काढून टाकत. अमरावतीच्या शाळेत शिकवत, मासिकांत टीकालेख लिहीत. गल्ली त्यांना ‘कलाशास्त्री’ म्हणे. सुपाने पाखडायचेच नाही असे ठरले, तर सुपाचे काय उरते? उत्तर ठरलेले, “काम सरलं तरी जे टाकवत नाही, थे कला.” मामी म्हणायची, “मंग आधी तुमालेच टांगा भिंतीवर.”

मामीच्या माहेरच्या, मोर्शीच्या महालक्ष्म्या त्या घरात होत्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन मुखवटे. वर्षभर ते गव्हाच्या कोठीत जोडीने राहत, भादव्यात बाहेर येत. एका वर्षी सण उरकल्यावर मामांनी कनिष्ठा कोठीत ठेवू दिली आणि ज्येष्ठा बैठकीत खिळ्याला लावली. म्हणाले, “पूजा काढली. आता पाहू काय उरते.”

मामी दारातच थांबली. “जोडी फोडू नका. मले भेव वाटून राह्यलं.”

“कायचं?”

“थे सांगता आलं असतं तं भेव कायले वाटलं असतं?”

मामा हसले. पण खरं सांगते, भिंतीवरच्या ज्येष्ठेचे ते डोळे मलाही सोसत नसत. मुखवट्याची तोंडभर स्तुती करणारे पाहुणेसुद्धा हळूच जागा बदलून बसत. मामी बैठकीतून जाताना सासूसमोरून जावे तसा पदर सावरून जाई.

दिवाळीनंतर गल्लीत उंदीर पडू लागले. प्लेग. जो तो घर सोडून वावरात झोपडी बांधू लागला. मामांनीही बैलबंडी भरली, गव्हाची कोठी चढवली. झोपडीत पोचल्यावर मामीने गव्हात हात घातला, तर कनिष्ठा एकटीच. ज्येष्ठा भिंतीवर राहिली होती. मामा पाणी आणायला गेले तेवढ्यात मामी बंद घराकडे परत गेली आणि मुखवटा पदरात घेऊन आली. दोघींना गव्हात शेजारी ठेवले, तेव्हा कुठे जेवली. त्याच आठवड्यात तिला ताप भरला, काखेत गाठ आली, आणि मामी गेली.

प्लेग काही मुखवट्याने आणला नव्हता, हे मलाही कळते. पण मुखवटा कोठीत असता तर मामी परत गेली नसती. हे मामांना कोणी सांगायची गरज पडली नाही.

पुढे अकोल्याहून एक संपादक कलेवर लेख मागायला आले. मामांनी कोनाड्यातून मामीची फणी काढली. तिच्यात अजून केस गुंतलेले होते.

“हिचं काम सरलं,” मामा म्हणाले, “अन टाकवत तं नाही. हिले कला म्हणू का मी?”

संपादक चहा न घेताच उठले. मामांनी फणी मामी ठेवायची तशीच, दात भिंतीकडे करून ठेवली. त्यानंतर त्यांनी कलेवर एक ओळ लिहिली नाही.