खेचरावर चादरी होत्या

“ख्रिस्तवासी रूथबाई या मंडळीच्या ज्येष्ठ सेविका. तरुण संघाच्या नेपाळमधील सेवायात्रेत त्यांनी सहभाग घेतला. परंतु दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर वयोमानामुळे त्या पायथ्याशी थांबल्या व मागाहून खेचरावरून वर आणल्या गेल्या.”

आमच्या सोलापुरातील ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. संपादक सॅमसन, तो त्या यात्रेचा प्रमुख होता आणि आज मंडळीच्या कमिटीचा सचिव आहे. शाळेत तो माझा विद्यार्थी होता, त्याचे निबंध मी तपासलेले आहेत, आणि या परिच्छेदात शुद्धलेखनाची एकही चूक नाही हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. बाकी सारे चुकीचे आहे. वयोमान चुकीचे, थांबणे चुकीचे, आणि खेचर तर साफ चुकीचे. ‘आणल्या गेल्या’ हे शब्द रूथबाईंनी वाचले असते, तर सॅमसनला स्मरणिकेच्या सर्व प्रती घरोघर जाऊन परत गोळा कराव्या लागल्या असत्या. रूथबाईंना कोणी कधी कुठे आणले नाही. त्या जात असत, आणि इतरांना ओढून नेत असत.

ज्यांनी त्यांना पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. रूथबाई मूळच्या जेऊरच्या. आमच्या शाळेला लागून असलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका होत्या. अंगाने किरकोळ, आवाजाने भरभक्कम. मी नवा मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो त्या आठवड्यात वसतिगृहाच्या मुली प्रार्थनेला उशिरा येतात, अशी लेखी सूचना मी पाठवली. उत्तर लेखी आले नाही. रूथबाई स्वतः आल्या, माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, माझ्या पोरी येळंवर हायत. तुमचं घड्याळ पुढं पळतंय, त्याला आधी धरा.” घड्याळ थोडेसे पुढे होते, ही गोष्ट खरी; पण प्रश्न शिस्तीचा होता, आणि त्या बाबतीत माझे मत आजही बदललेले नाही.

त्यांच्या दोन सवयी साऱ्या मंडळीला ठाऊक होत्या. पहिली अशी की, कोणतीही गोष्ट लक्षात ठेवायची असली की त्या बोटाला चिंधी बांधून घेत. गॅसची टाकी सांगायची आहे, कोणा मुलीला दवाखान्यात न्यायचे आहे, पाळकसाहेबांना त्यांच्या लांबलेल्या प्रवचनाबद्दल बोलायचे आहे. प्रत्येकासाठी एक चिंधी. काम झाल्याशिवाय ती सुटत नसे. उपासनेत त्यांच्या बोटाला चिंधी दिसली की पाळकसाहेब प्रवचन आवरते घेत, हे मी स्वतः पाहिले आहे. दुसरी सवय फोटो काढण्याची. सहल असो, नाताळ असो, कॅमेरा त्यांच्या हाती गेला की प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचे बोट यायचे. मुली हसत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, “फोटू माणसांचा काढायचा असतोय, कोपऱ्याचा न्हाय.”

आता यात्रेविषयी. नेपाळमधल्या एका डोंगरी गावात वादळाने शाळेचे छप्पर उडाले होते. तिथल्या लहानशा मंडळीने मदत मागितली आणि आमच्या तरुण संघाने जायचे ठरवले. नेपाळ हा कसला परदेश, असे कमिटीतले काही जण आजही म्हणतात. सीमा ओलांडताक्षणी माझा मोबाइल मुका झाला आणि तिथली घड्याळे आपल्यापेक्षा पाव तास पुढे निघाली. याहून वेगळा परदेश कोणाला हवा असेल तर त्याने खुशाल शोधावा. रूथबाईंनी मात्र आपले घड्याळ शेवटपर्यंत बदलले नाही. “माझं घड्याळ सोलापूरचं हाय. ह्यांचंबी तुमच्या शाळंवानीच पुढं पळतंय, मास्तर.” मी सल्लागार म्हणून गेलो होतो. रूथबाई कोणत्या नात्याने आल्या होत्या हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

भेट म्हणून आम्ही काय नेले असेल? चादरी. सोलापूरचा माणूस लग्नाला जावो, मयताला जावो की हिमालयात जावो, चादरीशिवाय त्याचा हात रिकामाच असतो. जिथे दोन लोकरी रजयांनी थंडी भागत नाही तिथे आम्ही सुती चादरींचे गठ्ठे घेऊन निघालो होतो. रूथबाईंनी आपल्या झोळीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी भरली. त्या भाकरीला पाऊस, प्रवास आणि काळ यांपैकी कशानेही काही होत नाही. मुले गाडीत सारखी गाणी म्हणत होती. रूथबाई म्हणाल्या, “म्हना, म्हना. पन तितं गेल्यावर आधी पत्रा, मग प्रार्थना. पावसात भिजनाऱ्या लेकराला गानं ऐकू येत न्हाय.”

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो तर दरड कोसळून जीपचा रस्ता गाडला गेलेला. वर जायला केवळ पायवाट उरली होती. पाऊस, चिखल, आणि गवताच्या प्रत्येक पात्यावर जळवा. आम्ही एका चहाच्या टपरीत आसरा घेतला. सॅमसनची पिशवी गळत होती, म्हणून त्याने संघाचा कॅमेरा रूथबाईंच्या झोळीत, भाकरीच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवायला दिला.

“मावशी, वर गेल्यावर आठवणीनं द्या हं. रिपोर्टला फोटो लागतात.”

“मग बांध की चिंधी. मला एका हातानं गाठ येत न्हाय.”

सॅमसनने चादरींच्या गठ्ठ्याची लाल पट्टी फाडली आणि त्यांच्या बोटाला चांगली दुहेरी गाठ मारून बांधली.

यानंतर जे घडले ते आमच्या मंडळीखेरीज जगात कुठेही घडले नसते. समोर डोंगर, वर उघड्यावर बसलेली शाळा, आणि आम्ही सभा भरवली. सभेशिवाय आमच्याकडे पंखासुद्धा बदलला जात नाही. प्रारंभी गीत झाले, मग प्रार्थना, मग शास्त्रपाठ, मग प्रास्ताविक. टपरीवाली बाई चहाचे पातेले हातात धरून उभी होती. ‘आमेन’ नक्की कधी होणार याचा तिला अंदाज येईना.

“अजून लई येळ चालनार व्हय?” रूथबाईंनी विचारले.

“मावशी, अजेंडा मोठा आहे. सेफ्टीचा विषय आहे.”

“चालू द्या की मग. मधी कुनी उठू नका.”

मी दाराकडे तोंड करून बसलो होतो, इतर सारे सॅमसनकडे. वरच्या गावच्या काही बायका पाठीवर मिठाची पोती घेऊन त्या पायवाटेने निघाल्या होत्या. रूथबाईंनी झोळी खांद्याला लावली, लुगड्याचा काष्टा मारला आणि त्यांच्या मागोमाग चालू लागल्या. दारातून वळून मला एवढेच म्हणाल्या, “मास्तर, जळू सोडवायला मीठ लागतंय, ठराव न्हाय.”

इकडे सभेत विषय निघाला तो नेमका त्यांचाच. ‘वय व प्रकृती लक्षात घेता रूथमावशींनी पायथ्याशीच थांबावे’ असा ठराव मांडला गेला. मी हरकत घेतली. म्हटले, जी व्यक्ती इथे नाही तिला इथे थांबवण्याचा ठराव करता येत नाही. सॅमसन म्हणाला, “सर, प्लीज, विषयाला धरून बोला.” मी विषयालाच धरून बोलत होतो. माझ्या एकट्याच्या विरोधासह ठराव संमत झाला, टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झाले. मग ठराव मावशींना कळवावा म्हणून सगळ्यांनी वळून पाहिले. बाक रिकामा. टपरीवालीने हसत डोंगराकडे बोट केले.

“खेचर बघायला गेल्या असतील,” सॅमसन म्हणाला.

त्या वाक्यात ‘असतील’ होते. पुढे काळाच्या ओघात ते ‘असतील’ गळून पडले आणि खेचर तेवढे उरले.

खेचर होते, हे मी नाकारत नाही. ते आमच्याबरोबर, आमच्या मागून चढत होते, आणि त्याच्यावर चादरी होत्या. छपराचे पत्रे गावातल्या माणसांनी पाठीवरून नेले. आम्ही घसरत, एकमेकांच्या पायांवरच्या जळवा उपटत, वाटेत दोनदा प्रार्थनेला थांबत गेलो. शेवटच्या चढावर मान वर केली तर शाळेच्या ओसरीत एक ओळखीची आकृती उभी. “या, या! झाली का सभा? का उरलीया अजून?” त्यांच्या पायाशी मुले कडक भाकरी कुरकुर चावत बसली होती, आणि तिथल्या शाळेच्या मास्तरीणबाईंची म्हातारी आई शेंगांची चटणी चाखून डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. पुढचे काही दिवस रूथबाईंनी आम्हाला जे राबवले ते आमची हाडे अजून सांगतात. छप्पर पुरे होईतो त्यांनी चादरी वर्गाच्या उघड्या बाजूंना बांधून घेतल्या. वारा अडला, मुले मोरांच्या नक्षीकडे पाहत पाढे म्हणू लागली. आणि आमच्या त्या अक्कलशून्य भेटीची अब्रू राहिली.

सोलापूरला परतल्यावर पहिल्याच बैठकीत कमिटीने नियम केला: पुढील यात्रांना साठीपुढील कोणालाही नेऊ नये. कारण म्हणून तो पायथ्याचा ठराव जोडला. त्याला रद्द करणारा दुसरा ठराव झालेला नव्हता. त्यामुळे आमच्या रीतीप्रमाणे रूथबाई अजूनही त्या टपरीतच बसलेल्या होत्या! नियम त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या खळखळून हसल्या. पण दर वर्षी यात्रेची जाहिरात लागली की त्यांच्या बोटाला चिंधी दिसे. आपले नाव देत, आणि नाव खोडले जाई. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो तेव्हाही चिंधी होती. मी विचारले, ही कशाची? म्हणाल्या, “त्या शाळंचं छप्पर एकदा जाऊन बघायचंय की, मास्तर. खिळं बरुबर मारल्यात का न्हाय ते आपल्या पोरांचं सांगता येत न्हाय.” ती चिंधी त्यांच्या पुतणीने शेवटच्या अंघोळीच्या वेळी सोडली. काम न होता सुटलेली ती पहिलीच.

आता येत्या वार्षिक सभेत हा नियम कायमचा करण्याचा प्रस्ताव आहे, ‘रूथबाईंचा अनुभव लक्षात घेऊन’. यंदाच्या यात्रेसाठी मी माझे नाव दिलेले आहे, हे मी लपवत नाही. ते खोडायचे तर माझ्या गुडघ्यांचे कारण देऊन खोडावे. गुडघ्यांशी भांडायला मी समर्थ आहे. पण जी बाई सर्वांच्या आधी पोहोचली तिला खेचरावर बसवून तिच्या नावाने दार बंद करू नये. तिला त्या शाळेत पुन्हा जायचे होते. तिच्यानंतर जाऊ पाहणाऱ्यांना तरी जाऊ द्यावे.

हे सारे मी सॅमसनला त्याच्या दुकानात जाऊन सांगितले. तो आदराने उभा राहिला, चहा मागवला, आणि ऐकले मात्र नाही. “सर, तुमच्या भावना समजतात. पण मावशी खेचराशेजारी उभ्या होत्या, हे मला पक्कं आठवतंय.” उभ्या होत्याच, पण वर, शाळेसमोर; खेचरवाल्याला चादरी उतरवायला सांगत होत्या. “आणि सर, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचा फोटो बघा ना. आपण सगळे वर पोहोचतोय त्या क्षणाचा. मावशी आहेत का त्यात?”

मुखपृष्ठ माझ्यासमोर आहे. फोटो रंगीत आहे, वरून, शाळेच्या ओसरीतून घेतलेला. चढावर आम्ही सगळे दिसतो: सर्वांत पुढे सॅमसन, मध्ये मी, आणि मागे चादरींनी लादलेले खेचर. रूथबाई त्यात नाहीत. खाली छापले आहे, ‘छायाचित्र : एक ग्रामस्थ’. उजव्या कोपऱ्यात एक अस्पष्ट डाग आहे. सॅमसन त्याला उन्हाचा दोष म्हणतो. त्या दिवशी ऊन नव्हते. तो डाग म्हणजे एक बोट आहे, आणि त्या बोटावर सॅमसनने स्वतःच्या हाताने बांधलेली लाल चिंधी आहे.