नऊचा की दहाचा

शारजाबाहेरच्या वाळूत आम्ही दर शुक्रवारी रिमोटवरची छोटी विमानं उडवायला जमायचो. पंखा किती इंची लावायचा, हे सगळे रत्नागिरीच्या एका भाईंना विचारायचे. ते डोळे मिटून इंजिन ऐकत. "गुदमरतंय. एक इंच कमी कर, खलास."

एका शुक्रवारी ते उशिरा आले. सकाळी गावाहून फोन आला होता, आई गेली.

"पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आज सुट्टी. उद्या निघेपर्यंत माती देऊन होईल," ते म्हणाले.

मग दोन पंखे माझ्यापुढे धरले. मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"नऊचा लावू की दहाचा?"

"दहाचा."

त्यांनी तो नीट कसला. इंजिन चालू केलंच नाही. अंधार पडेपर्यंत पंखा बोटाने फिरवत बसले.