गुत्तेदाराच्या बापाचा शब्द

नायगावच्या स्टँडवर बा मला सोडायला आला, तेव्हा त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं. "पगाराची नौकरी हाय, सोडू नको. पाऊस पडो न पडो, एक तारीख येतीच." मागच्या दुष्काळात त्यानं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मजुरीसाठी तो दिवस दिवस मुकादमासमोर बसलेला होता. त्यामुळे एक तारखेचं त्याला भारी अप्रूप.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडे तिकडे नवी ऑफिसं, नवे क्वार्टर. मी सरकारी इमारती बांधणाऱ्या ऑफिसात मिस्त्री, म्हणजे कामावर देखरेख करणारा, म्हणून लागलो. गुत्तेदारांची, म्हणजे कामाचा ठेका घेणाऱ्यांची, बिलं माझ्या टेबलावरून जायची आणि माझा जीव तुटायचा. आपला पगार म्हणजे त्यांचं नुसतं सांडलेलं सिमेंट! तीन वर्षं कशीबशी काढली, राजीनामा दिला आणि स्वतः गुत्तेदार झालो. बा महिनाभर बोलला नाही.

पहिल्या बिलाचा चेक दाखवायला मी मोठ्या तोऱ्यात गावी गेलो. बानं तो शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतला. आकडा गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला. बाला वाटलं, हा पोराचा महिन्याचा पगार! त्यानं त्याच संध्याकाळी गावच्या बुद्धविहारात जाहीर केलं, "विहाराची टिनं काढा. माझा पोरगा स्लॅब टाकून देतो."

मी डोक्याला हात लावला. यातलं सिमेंटवाल्याचं किती, लोखंडाचं किती, ऑफिसनं अनामत म्हणून कापलेलं किती, हे परोपरीनं समजावलं. सगळं वजा जाता हातात राहत होतं ते जुन्या पगाराहून थोडंच जास्त, आणि तेही पुढचं बिल निघेल तेव्हा. बाला काही पटेना. "सही तुझी, मंग पैसा दुसऱ्याचा कसा?"

मग एका वर्षी पाऊसच पडला नाही. प्यायलाच पाणी नाही, तिथं स्लॅबवर मारायला कुठलं? कामं थांबली, बिलं अडकली. माझे जुने सोबती त्याच कोरड्या शहरात एक तारखेला पगार उचलत होते. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःचाच राग यायचा.

अशात बा स्लॅबचं विचारायला लातूरला आला. बाजारचा, म्हणजे मजुरी वाटायचा दिवस होता. हिमायतनगरकडचे माझे मजूर, बायका-लेकरांसह, मजुरीसाठी शेडसमोर बसून होते. माझ्या खिशात नवं काम घ्यायला अनामत भरायची म्हणून ठेवलेले पैसे होते. त्यातूनच स्लॅबला सुरुवात करावी, असं बाच्या मनात होतं. तो त्या माणसांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आधी ह्यांचं दे. म्या असाच बसून राहिलेलो हाय."

मी दिले. नवं काम हातचं गेलं. बा गावी परतला आणि विहारात सगळ्यांसमोर उभा राहिला. "माझा शब्द खोटा झाला. माझा पोरगा पगार घेत न्हाई, देतो. त्याच्यापाशी काय उरत न्हाई." काही लोक हसले, असं आईनं नंतर सांगितलं.

विहारावर स्लॅब पुढे कितीतरी वर्षांनी पडला, गावच्या नोकरदारांच्या वर्गणीतून. काम मी फुकट करून दिलं, पण बघायला बा नव्हता. याचं दुःख जात नाही.

माझं घर आता लातूरला आहे. मुलगी पुण्याहून फोन करते. कंपनीत परमनंट व्हावं की कॉन्ट्रॅक्टवर जास्त पैसे घ्यावेत, विचारते. मी तिला आधी वजाबाकी करायला सांगतो, आणि मग मला गाव आठवतं. गाव म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच उरलंय: टिनाखाली उभा राहून माझ्या मजुरांपायी शब्द मोडणारा बा.