इस्त्री केलेलं फडकं

आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला एक खोड आहे. चुरगळलेलं काही दिसलं की त्याला राहवत नाही. रुमाल म्हणू नका, पिशवी म्हणू नका, एकदा तर माझी मापाची कापडी पट्टीसुद्धा कडक करून दिली. मी शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करते. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिकडचं सगळं ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी. त्याच्या या खोडीवर आम्ही पुष्कळ हसलोय. आता कुणी हसत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल. मी तिला वहिनी म्हणते. अबोल बाई, पण हट्टी! तिची सासू आजारातून उठली तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. डॉक्टर म्हणाले, कडधान्य द्या, ताकद येईल. द्यायचं कसं? चार दाणे पोटात गेले की म्हातारीचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि ती कुशीवर वळून कण्हायची. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वहिनीला एक उपाय शिकवला. सोयाबीन भिजवायचं, सालं चोळून काढायची, शिजवून कोरडं करायचं. मग त्याला नर्सबाईंनीच दिलेली विरजणाची पूड चोळायची आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायचं. दाण्यांवर बुरशीची पांढरी लव धरते, सगळे दाणे एकमेकांना चिकटून वडी होते. तिचे काप तळून खायचे. अर्धं पचन त्या लवेनेच करून ठेवलेलं असतं, म्हणून पोटाला जड जात नाही.

ऊब काय, वहिनीच्या घरात फुकटची. इस्त्रीच्या टेबलाखाली, जुन्या घोंगडीत ती पुडकी ठेवायची. आणि म्हातारीला ते पचलं हो! गालांवर मांस आलं, काठी टेकत माझ्या दुकानापर्यंत येऊन मला टोमणे मारण्याइतकी हुशारी आली.

फक्त वहिनीच्या नणंदेला ते पटलं नाही. ती दुसऱ्या गल्लीत राहते, पण जीव सगळा इकडे. "बुरशी खायला घालतेस माझ्या आईला," ती तोंडावर म्हणाली. "काही बरंवाईट झालं तर तुला सोडणार नाही." वहिनीने नवे दाणे भिजत घातले.

एके दिवशी दुपारी मी काजं करत होते. भिंतीपलीकडून इस्त्रीवाला ओरडला, "अगं, माझं डागाचं फडकं कुठं गेलं?"

कपड्यावरचा गंजाचा डाग काढायला त्याच्याकडे एक औषध असतं. जहाल विष. बाटलीवर कवटीचं चित्र. ते एका पांढऱ्या फडक्याने टिपायचं आणि ते फडकं दारामागच्या खिळ्याला अडकवायचं, हा त्याचाच नियम.

"खिळ्याला असेल," वहिनी म्हणाली.

"नाही ना. थोडं विसळलं होतं मी परवा. मग..." तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "मग बहुतेक इस्त्री केली."

मी सुई टाकून धावले. वहिनी टेबलाशी उभी होती, हातात रिकामं फडकं, ओठ पांढरे. कडक घडी करून ते स्वच्छ फडक्यांच्या चळतीत गेलं होतं आणि तिने त्यात दाणे बांधले होते.

"एका बाजूला लव धरलीच नव्हती," ती म्हणाली. "तळहाताएवढा भाग बोडका होता. मला वाटलं, तिथं ऊब पोचली नाही. तेवढं कापून टाकलं. बाकीचं आईंना... सकाळी..."

बुरशीसुद्धा जिथे जगली नाही, त्याच्या शेजारचा तुकडा म्हातारीच्या पोटात होता.

म्हातारी आत खाटेवर बसली होती. "काय झालं ग? मेलं का कोणी?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "सकाळपासून जरा मळमळतंय खरं." वहिनीने सासूला अक्षरशः उचललं.

रिक्षात विषाची बाटली आणि ते फडकं माझ्या पिशवीत होतं आणि मी ती पिशवी अंगापासून लांब धरून बसले होते, जणू तीच चावणार होती. वहिनी सासूचा हात सोडत नव्हती. इस्त्रीवाला वहिनीच्या कानाशी लागून म्हणाला, "फडक्याचं बोलू नकोस. शिळं काही खाल्लं म्हणू. ताईला कळलं तर आपली धडगत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण मी तोंड उघडण्याआधी दवाखाना आला, आणि दारातच नणंद उभी. कुणीतरी तिला कळवलं होतं.

"काय खाल्लं होतं आजींनी?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनीने एकदा नणंदेकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली, शेजारी ते फडकं. "यात बांधलेले दाणे मी खायला घातले," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

नणंदेने किंचाळून कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मात्र बाटलीवरचं नाव वाचलं आणि लगेच नर्सला आत बोलावलं.

मग नुसतं बाकड्यावर बसणं. सलाईन, रक्त, लघवी, पुन्हा रक्त. दार वाजलं की आम्ही सगळे उठून उभे राहायचो. नणंद भिंतीकडे तोंड करून रडत होती. वहिनी रडलीसुद्धा नाही. मला तिचीच जास्त काळजी वाटत होती.

अखेर डॉक्टर बाहेर आले. पोटात विष फार थोडं गेलं होतं. मूत्रपिंडं ठीक होती. "आणि हे आधीच सांगितलंत ते फार बरं केलंत," ते म्हणाले. इस्त्रीवाल्याने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

"आता एक दाणा जाणार नाही आईच्या तोंडात," नणंदेने बजावलं. त्यावर खाटेवरून म्हातारीचा आवाज आला, "तुझं तोंड मिट. माझं तोंड मी बघते."

पुढच्या खेपेची फडकी मी शिवून दिली, लाल काठ लावून. डागाचं फडकं खिळ्यावर चुरगळलेलं लटकतं, इस्त्रीवाला तिकडे बघतही नाही. वडी छान झाली, सगळीकडे सारखी लव. वहिनीने काप तळले, एक स्वतः खाल्ला आणि खुर्चीत बसून राहिली. सासूला वाढेना.

"गार होतंय की," म्हातारी म्हणाली.

"संध्याकाळी देते. आधी मला काही होतंय का बघते."

म्हातारी काठी टेकत उठली. ताटलीतला काप उचलून तिने तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली.

"शहाणी आहेस," ती म्हणाली. "तुला काही झालं तर मला करून कोण घालणार?"

तेव्हा कुठे वहिनी रडली.