दहा वेळा ठक्क

लॅबमधल्या परबताई नसत्या, तर मी केव्हाच लातूरला परतले असते. आज भातात खडा लागला आणि मुलुंडची ती सकाळ आठवली.

आठवीत शाळा सोडलेली मी तिथल्या स्फोटकं तपासणाऱ्या लॅबमध्ये सफाईला होते. स्फोटकाची चिमूटभर भुकटी पोलादी तबकडीवर ठेवून वरून वजन सोडायचे. किती उंचीवरून फुटते, त्यावर तिचा नाजूकपणा ठरायचा. त्या दिवशी अगदी कमी उंचीवरूनही ती फाट्‌कन फुटत होती. साहेब म्हणाले, "सगळा माल रद्द करा!"

मी एका कोऱ्या तबकडीवर बोट फिरवलं, तर कचकच लागली. तबकड्या पुसायचं फडकं मीच खिडकीत वाळत घातलं होतं, समोर मेट्रोचं खोदकाम. धुळीची कच असली की भुकटी लवकर फुटते, हे ताईंनीच सांगितलेलं.

"ताई, नोकरी जाईल हो माझी."

"गप गं! आधी सांग त्यांना. मी आहे ना."

सांगितलं. तबकड्या धुतल्या. त्याच उंचीवरून दहा वेळा वजन सोडलं. दहाही वेळा नुसतं ठक्क, एकदाही फुटली नाही!

"झकास!" ताई ओरडल्या. साहेब म्हणाले, "उद्यापासून तबकड्या हीच तपासेल."

 आज ते ठक्क टाळ्यांसारखं ऐकू येतं.

ताई, एकदा तुम्हाला गावी नेणार, आईच्या हातचं जेवू घालणार. तांदूळ मी स्वतः निवडेन.